सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: एवढा डेटा सांभाळायचा कसा आणि कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं?

कोयनाकाठ

नमस्कार. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएमला (कम्युनिटी मेडिसिन) सेकंड इयर रेसिडेंट आहे. थिसिससोबत एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करतेय, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र मांडायचे. विषय असा की शाळेत जाणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली, म्हणजे शाळेत वाटतात ती निळी गोळी, तर हिमोग्लोबिन नक्की किती वाढतं. प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूंची आगाऊ नोंदणी करायची साइट) नोंदणी झालीय, सर्च झालाय, टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टचं स्क्रीनिंग (पेपर ठेवायचा की वगळायचा ते ठरवणं) अर्धं झालंय आणि आता अशा जागी अडकलेय की रात्री झोप लागत नाहीये.

झालं असं की डेटाबेसपैकी पबमेड आणि कॉक्रेन सेंट्रल मी केलं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स माझ्या ज्युनिअरने केलं, दोघींनी आपापल्या लॅपटॉपवर आपापले डुप्लिकेट काढले, मग फाइली एकत्र केल्या आणि परत डुप्लिकेट काढले, आणि मधे सर्च थोडा बदलला म्हणून पबमेडचा नवा एक्स्पोर्ट घेतला तो जुन्यातच टाकला. आता तीन शीट आहेत, तिन्हींच्या नावात फायनल आहे आणि तिन्हींत आकडा वेगळा. काल गाइड सरांनी प्रिझ्माचा डायग्राम (किती पेपर सापडले, किती वगळले ते दाखवणारा) बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, वरच्या चौकोनातून खालच्यात येताना ४१ पेपर कमी पडतायत, ते गेले कुठे?" मला सांगता आलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. हे आहे तसं दुरुस्त करू की पहिल्यापासून करू? आणि स्क्रीनिंगची टूल्स रायान, कोव्हिडन्स किंवा संदर्भ सांभाळायचं झोटेरो, यातलं काय घेऊ, कारण कॉलेजकडे विकत घ्यायला पैसे नाहीत आणि स्टायपेंडमधून वर्षाची फी भरणं मला शक्य नाही.

ग्रंथालयवाली

पहिल्यापासून कर, आणि घाबरू नकोस, सर्च स्ट्रिंग जपून ठेवल्या असशील तर हे दोन दिवसांचं काम आहे. मी मेडिकल लायब्ररीत आहे, बरीच वर्षं पीजी मुलामुलींचे सर्च करून देते आणि दर बॅचला कुणीतरी याच टप्प्यावर रडकुंडीला येऊन माझ्या टेबलाशी बसतं. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा दोष नसतो, मूळ फाइल कुणी ठेवलेली नसते.

एक फोल्डर कर, नाव दे 'मूळ'. प्रत्येक डेटाबेसमधून जो एक्स्पोर्ट येईल तो जसाच्या तसा त्यात टाक, फाइलच्या नावात डेटाबेस, तारीख आणि किती रेकॉर्ड आले तो आकडा. त्या फोल्डरला पुन्हा हात लावायचा नाही, तिथली फाइल उघडून सेव्हसुद्धा करायची नाही. पुढचं सगळं काम कॉपीवर. शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेव आणि त्यात पूर्ण सर्च स्ट्रिंग, कुठल्या प्लॅटफॉर्मवर चालवली, कुठले फिल्टर लावले, कुठल्या दिवशी, हे लिही. प्रिझ्माचं सर्चपुरतं जे वेगळं एक्स्टेन्शन आहे, प्रिझ्मा-एस, त्यात १६ मुद्दे आहेत आणि त्यातले बरेचसे या एका फाइलीतून भरून निघतात.

एक्स्पोर्टच्या मर्यादा आधी माहीत करून घे. पबमेडमधून एका वेळी १०,००० पर्यंतच रेकॉर्ड निघतात. वेब ऑफ सायन्समधून पूर्ण रेकॉर्ड हजार-हजारच्या तुकड्यांत काढावे लागतात आणि तिथेच माणसं एखादा तुकडा विसरतात, म्हणून स्क्रीनवरचा आकडा आणि फाइलमधला आकडा जुळतो का ते तिथल्या तिथे बघायचं. आरआयएस फाइल (संदर्भांच्या एक्स्पोर्टचा एक प्रकार) नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक रेकॉर्ड टीवायने (TY) सुरू होतो आणि ईआरने (ER) संपतो, ईआर मोजले की रेकॉर्ड मोजून झाले.

आता डुप्लिकेट. हे काम एकदाच आणि एकाच ठिकाणी करायचं, सगळ्या डेटाबेसचे रेकॉर्ड एकत्र आल्यावर. तुम्ही तीनदा केलंत, तिथेच हिशोब गेला. झोटेरोत डुप्लिकेट वेगळे दिसतात आणि एकेक बघून मर्ज करता येतात, वेळ लागतो पण डोळ्यांखालून जातं. ऑस्ट्रेलियातल्या बाँड युनिव्हर्सिटीचं सिस्टिमॅटिक रिव्ह्यू अ‍ॅक्सिलरेटर फुकट आहे (आता त्याचं नाव टेरा), त्यात डिडुप्लिकेटर आहे, आणि पॉलिग्लॉट म्हणून एक आहे जे पबमेडची स्ट्रिंग दुसऱ्या डेटाबेसच्या व्याकरणात बसवून देतं. मात्र मेश टर्मच्या (पबमेडचे ठरलेले विषयशब्द) जागी एम्बेस या डेटाबेसची एमट्री टर्म कुठली ते आपणच बघायचं, ते त्याच्यावर सोडू नकोस.

आपल्याकडच्या लेखकांच्या नावांनी फार घोळ होतो हे मुद्दाम सांगते. एका डेटाबेसमध्ये आडनाव आणि एक आद्याक्षर, दुसऱ्यात दोन आद्याक्षरं, तिसऱ्यात पहिलं नावच आडनाव म्हणून पडलेलं. जर्नलचं नाव कुठे पूर्ण, कुठे तोडलेलं. त्यामुळे मशीन खरे डुप्लिकेट सोडतं आणि उलट एकाच टीमचे दोन वेगळे पेपर एकच समजतं. म्हणून आधी डीओआय (पेपरचा कायमचा क्रमांक) आणि पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक) जुळवायचे, मग टायटल, वर्ष आणि पानं. आणि काढलेला रेकॉर्ड डिलीट करायचा नाही, 'डुप्लिकेट' असा टॅग लावून बाजूला ठेवायचा, कुणाचा डुप्लिकेट ते लिहून.

रात्रपाळी

वरच्या ताईंच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी टूल्सबद्दल लिहितो, आत्तापर्यंत तीन रिव्ह्यू केलेत, एक इथे असताना आणि दोन इंग्लंडला आल्यावर, त्यामुळे फुकटची आणि विकतची दोन्ही वापरून झालीत.

रायान कतारच्या कॉम्प्युटिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमधून आलं, त्यावरचा पेपर २०१६ चा आहे. फुकट खात्यावर तुझ्या साइजचं स्क्रीनिंग होऊन जाईल असं मला वाटतं, पण फुकटात काय काय मिळतं ते मधेमधे बदलत असतं, आजचं पान बघून मगच ठरव. ब्लाइंड चालू असलं की दोघींना एकमेकींचे निर्णय दिसत नाहीत, दोघींचं पूर्ण झालं की ते उठवायचं आणि जिथे मतभेद आहेत तेवढे घेऊन बसायचं. काही निर्णय घेतल्यावर ते उरलेल्या रेकॉर्डना रेटिंग देतं. त्याचा उपयोग क्रम लावायला कर, खालचं रेटिंग आहे म्हणून न वाचता एक्सक्लूड करू नकोस.

कोव्हिडन्स ऑस्ट्रेलियातलं, वापरायला सगळ्यात सोपं. इम्पोर्टलाच डुप्लिकेट काढतं, कुठले काढले ते दाखवतं, दोन मतांशिवाय रेकॉर्ड पुढे जात नाही, फुल टेक्स्टला वगळण्याचं कारण निवडल्याशिवाय सोडत नाही आणि प्रिझ्माचे आकडे आपोआप तयार ठेवतं. पैसे पडतात. पण विचारून बघ, कधीकधी शेजारच्या संस्थेकडे किंवा को-ऑथरच्या युनिव्हर्सिटीकडे लायसन्स असतं आणि मग तुम्हाला रिव्ह्यूवर बोलावता येतं.

एएसरिव्ह्यू नेदरलँड्सच्या उट्रेक्ट युनिव्हर्सिटीचं, ओपन सोर्स, स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं. तू जसजसे निर्णय देतेस तसतसं ते पुढचा सगळ्यात संबंधित वाटणारा रेकॉर्ड वर आणतं. वीस-तीस हजार रेकॉर्ड असतील तर वरदान आहे, पण थांबायचं कधी हा नियम आधी प्रोटोकॉलमध्ये लिहायला हवा. तुझे अडीच-तीन हजार असतील तर सरळ दोघींनी सगळे वाचा.

आणि कुठलंही घेतलंस तरी दर शनिवारी निर्णयांसकट एक्स्पोर्ट काढून ठेव. माझ्या एका रिव्ह्यूत आम्ही ज्या ऑनलाइन टूलवर होतो त्याचे नियम मधेच बदलले आणि जुना प्रोजेक्ट उघडायला पैसे मागायला लागले. आठवड्यापूर्वीचा एक्स्पोर्ट होता म्हणून निभावलं, नाहीतर चार महिन्यांचं काम गेलं असतं.

मुळाकाठी

थोडं वेगळं मत. एवढी टूल्स शिकत बसण्यात महिना जातो, आमच्या वेळी सगळं एक्सेलवर केलं आणि रिव्ह्यू छापूनही आला. दोन माणसं, दोन शीट, शेवटी जुळवायच्या. झालं.

ग्रंथालयवाली

@मुळाकाठी, दोनशे-तीनशे रेकॉर्ड असतील तर मीही हेच सांगेन, शीट पुरते. हजाराच्या वर गेलं की कुणीतरी एक कॉलम सॉर्ट करतं आणि बाजूचे कॉलम जागेवरच राहतात, मग निर्णय एका पेपरचा आणि नाव दुसऱ्याचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही. शीटवर करायचंच असेल तर पहिल्या दिवशी प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्यायचा, तो कधीच बदलायचा नाही आणि जुळवताना फक्त त्या क्रमांकावरच जुळवायचं.

आकडेमोड

बायोस्टॅटमध्ये आहे, उशिरा आलो. स्क्रीनिंगवर छान लिहिलंय सगळ्यांनी, मला एक्स्ट्रॅक्शनबद्दल (निवडलेल्या पेपरांतून आकडे काढून फॉर्ममध्ये भरणं) बोलायचंय कारण मेटा-अ‍ॅनालिसिस (सगळ्या पेपरांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढणं) बिघडतं ते तिथे, आणि ते बिघडलंय हे फॉरेस्ट प्लॉटकडे (त्या निकालाच्या आलेखाकडे) बघून कळत नाही.

आधी एक्सेलचं, कारण विषय निघालाच आहे. '२-४' असं टाइप केलं की ती तारीख होते. जीन्सच्या नावांवर काम करणाऱ्यांना याचा इतका त्रास झाला की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने काही मानवी जीन्सची नावंच बदलली, मार्च-वन आणि सेप्ट-वनसारखी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात कोविडच्या १५,८४१ केसेस रिपोर्टिंगमधून गळल्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. तेव्हा कॉलम आधीच टेक्स्ट म्हणून ठरवा, आणि एका सेलमध्ये एकच गोष्ट. '११.२ ± १.३' असं एका सेलमध्ये लिहू नका. मीन (सरासरी) वेगळा, एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत) वेगळा, एन (माणसं किती) वेगळा.

आता तुझ्या विषयातले खड्डे.

डोस. एक पेपर १०० मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न (प्रत्यक्ष लोह) लिहितो, दुसरा २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट लिहितो, आणि त्या २०० मध्ये प्रत्यक्ष लोह साधारण ६० ते ६५ असतं. आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात आधी १०० मिलिग्रॅम होतं, २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारतपासून किशोरवयीनांसाठी ६० झालं. म्हणून दोन कॉलम कर: 'पेपरात जसं लिहिलंय तसं' आणि 'एलिमेंटलमध्ये बदलून'. पहिला कॉलम कधी पुसायचा नाही.

युनिट. ग्रॅम पर डेसिलिटर आणि ग्रॅम पर लिटर, दहापटीचा फरक. हा निदान डोळ्यांना दिसतो. मोजायची पद्धतही लिहून ठेव, बोटाच्या टोकातून घेतलेलं रक्त आणि शिरेतून घेतलेलं हे एकसारखं धरता येत नाही, पुढे सबग्रुप करायला तो कॉलम लागेलच.

एसडी आणि एसई (सरासरी किती चुकू शकते तो आकडा). सगळ्यात जास्त चुका इथे. १०० मुलींचा गट, पेपरात ०.१५ लिहिलंय आणि तू ते एसडी म्हणून भरलंस. हिमोग्लोबिनचा एसडी एवढा लहान कधी नसतो, ती एसई आहे, एसडी म्हणजे ०.१५ गुणिले १०० चं वर्गमूळ, म्हणजे १.५. चुकून तसंच राहिलं तर फिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये (सगळ्या पेपरांचं खरं उत्तर एकच धरणारं) त्या एका ट्रायलचं वजन शंभरपट होतं आणि बाकीचे सगळे पेपर नावापुरते उरतात.

क्लस्टर. शाळांमधले ट्रायल बरेचदा शाळा रँडमाइज करतात (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट ठरवतात), मुली नाही. एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात, म्हणून सँपल तेवढा मोठा धरता येत नाही. एका शाळेत ४० मुली, आयसीसी (एका शाळेतल्या मुली किती सारख्या तो आकडा) ०.०२, तर डिझाइन इफेक्ट (सँपलला ज्याने भागायचं तो आकडा) १ अधिक ३९ गुणिले ०.०२, म्हणजे १.७८. ८०० मुलींचा ट्रायल प्रत्यक्षात सुमारे ४५० चा उरतो. त्यामुळे फॉर्ममध्ये रँडमायझेशनचं युनिट, क्लस्टर किती, आयसीसी दिलाय का आणि लेखकांनी स्वतः अ‍ॅडजस्ट केलंय का हे चारही कॉलम हवेत. हे नंतर आठवलं तर सगळे पेपर पुन्हा उघडावे लागतात.

फॉर्म आधी चार-पाच पेपरवर दोघींनी स्वतंत्र भरून बघा. जिथे दोघींची उत्तरं वेगळी येतील तिथे बहुतेक वेळा प्रश्नच नीट लिहिलेला नसतो. आकडे फक्त ग्राफमध्ये असतील तर वेबप्लॉटडिजिटायझरने काढा आणि 'ग्राफवरून' असं शेजारी लिहा. विश्लेषण आर या सॉफ्टवेअरमध्ये मेटाफॉर किंवा मेटा पॅकेजने कर, दोन्ही फुकट. स्क्रिप्ट राहते, त्यामुळे सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने विचारलं तर तोच आकडा पुन्हा काढून दाखवता येतो.

सह्यवैद्य

आयुर्वेदात एमडी करतोय, धागा फार कामाचा, वाचनखूण साठवली. आमच्याकडे एक वेगळीच अडचण असते, अश्वगंधा हा शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहितात, शिवाय विथानिया सोम्निफेरा. गुग्गुळाला तर कुणी कॉमिफोरा मुकुल लिहितं, कुणी कॉमिफोरा वाइटी, वनस्पती तीच. एकच स्पेलिंग घेतलं तर निम्मे पेपर सापडत नाहीत. आयुर्वेदाच्या पेपरसाठी धारा म्हणून एक डेटाबेस आहे तोही मी बघतो. पण तिथून सापडलेले रेकॉर्ड प्रिझ्मामध्ये कसे दाखवायचे?

ग्रंथालयवाली

@सह्यवैद्य, धारा हा डेटाबेसच आहे, डाव्या बाजूच्या मुख्य रांगेत त्याचं नाव आणि आकडा वेगळा लिहायचा. वेबसाइट, संस्था किंवा संदर्भसूचीतून जे हाताने सापडतं ते २०२० च्या डायग्राममध्ये उजवीकडच्या वेगळ्या रांगेत जातं. आणि शब्दांच्या सगळ्या स्पेलिंगांची यादी सर्चच्या टेक्स्ट फाइलीत ठेवा, पुढच्या बॅचला आयती मिळेल.

@कोयनाकाठ, सीटीआरआय (भारतातली ट्रायलची नोंदवही) विसरू नकोस. १५ जून २००९ पासून भारतात ट्रायलची नोंदणी तिथे सक्तीची आहे, त्यामुळे त्यानंतरच्या ट्रायलचा नंबर पेपरात असायला हवा. तो नंबर तुझ्या शीटमध्ये वेगळ्या कॉलमात लिही, एकाच ट्रायलचे दोन-तीन पेपर ओळखायला याच्याइतकी खात्रीची खूण नाही. मोजायचे असतात ते ट्रायल, पेपर नाही.

रात्रपाळी

एक राहिलं. इन्क्लूड केलेले सगळे पेपर झोटेरोत ठेव, कारण मागे घेतलेला पेपर असेल तर ते लाल पट्टी दाखवतं, रिट्रॅक्शन वॉचचा डेटा वापरतं. सबमिट करायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघ. इव्हरमेक्टिनच्या वेळी इजिप्तमधल्या एका ट्रायलचा प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा पेपर) जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि तो धरून केलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसचे निष्कर्ष बदलावे लागले. तोपर्यंत ते आकडे बघून जगभर लोकांनी गोळ्या घेतल्या होत्या. आपल्या रिव्ह्यूवर उद्या कुणीतरी औषध ठरवणार आहे, म्हणून हे सगळं करायचं.

कोयनाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मधे पोस्टिंग होतं.

सगळं पहिल्यापासून केलं. 'मूळ' फोल्डर केला, सर्च एकाच दिवशी सगळीकडे पुन्हा चालवला, तारीख बदलली म्हणून प्रॉस्पेरोच्या नोंदीत तशी दुरुस्ती टाकली. डुप्लिकेट एकदाच, झोटेरोत, टॅग लावून. स्क्रीनिंग रायानवर ब्लाइंड ठेवून.

आणि ते ४१ सापडले! जुन्या फाइली जपून ठेवल्या होत्या, त्या नवीन यादीशी डीओआयवर जुळवल्या. २६ हे खरे डुप्लिकेट होते, मी एकदा वजा केले होते आणि ज्युनिअरने परत एकदा वजा केले होते. ९ जुन्या सर्चमधले होते जे नव्या सर्चमध्ये बसतच नव्हते. उरलेले ६ मात्र डुप्लिकेट नव्हतेच. टायटल जवळजवळ सारखं, लेखक तेच, वर्ष तेच, म्हणून आम्ही काढून टाकले होते. त्यातला एक बेसलाइनचा (सुरुवातीच्या मोजणीचा) पेपर आणि त्याच टीमचा दुसरा, ज्यात वर्षभरानंतरचं हिमोग्लोबिन आहे. म्हणजे ज्यासाठी रिव्ह्यू करतोय तो आकडाच आम्ही फेकून दिला होता. हे कळलं तेव्हा हात थरथरत होते माझे. सरांना तिन्ही कप्पे वेगळे दाखवले, त्यांनी एकेक वाचून बघितला आणि डायग्रामवर सही केली.

एक्स्ट्रॅक्शन सुरू केलंय. @आकडेमोड सर, तुमचे डोसचे दोन कॉलम केले, पहिल्या पाच पेपरांतच दोन ठिकाणी फेरस सल्फेटचं वजन आणि प्रत्यक्ष लोह यांची गल्लत सापडली. एक विचारायचंय, तीन क्लस्टर ट्रायलमध्ये आयसीसी दिलेलाच नाहीये, तिथे काय करू?

आकडेमोड

आधी लेखकांना मेल कर, करस्पॉन्डिंग ऑथरला, साध्या चार ओळी, कुठलं टेबल आणि कुठला आकडा हवाय ते नेमकं लिहून. नाहीच मिळालं तर तुझ्याच विषयातल्या, तशाच वयाच्या, तशाच शाळांमधल्या ट्रायलचा आयसीसी उसना घे आणि कुठून घेतला ते लिही. मग त्यापेक्षा लहान आणि मोठा आयसीसी धरून दोन्ही वेळा विश्लेषण चालव, उत्तर किती हलतं ते तक्त्यात दे. एकच आयसीसी गृहीत धरून पुढे जाऊ नकोस. आणि फॉर्ममध्ये एक कॉलम वाढव: 'लेखकाला विचारलं, तारीख, काय उत्तर आलं'.

ग्रंथालयवाली

पेपर पाठवताना एक्स्ट्रॅक्शनची शीट, सर्चच्या स्ट्रिंग आणि आरची स्क्रिप्ट ओएसएफ किंवा झेनोडो या डेटा ठेवायच्या साइटवर टाक, दोन्ही फुकट आहेत, झेनोडो डीओआयही देतं. फुल टेक्स्टच्या पीडीएफ मात्र टाकायच्या नाहीत, कॉपीराइट असतो.

कोयनाकाठ

कॉलम वाढवला. तिन्ही लेखकांना आज दुपारी मेल गेल्या, एकांचा पत्ता बंद पडलाय म्हणून त्यांच्या डिपार्टमेंटचा शोधून तिथे पाठवली. उत्तर आलं की इथेच कळवते.